शंका आली की फोडायचं

कांद्यांच्या पिशवीवर किमतीच्या दोन चिठ्ठ्या निघाल्या. एकीवर एक नाही, शेजारी शेजारी, कडेला धरून अगदी सरळ, मी चिकटवतो तशा. गल्ल्यावरची पोरगी हसली. "आजोबा, कांदे एवढे आवडले की दोनदा पैसे देणार?" मागं रांगेतली बाई हसली, मग मीही हसलो, हसायला काय जातं. पोरीनं नखानं एक चिठ्ठी सोलून काढली आणि कांदे पुढं ढकलले. मी पाव, लोणी, कांदे पिशवीत भरत होतो, पण डोकं मागं भाजीच्या काट्यापाशीच राहिलं होतं. तिथं पिशवी ठेवायची, कांद्याचा आकडा दाबायचा, चिठ्ठी येते ती चिकटवायची. हे मी केलं. नीट आठवतं, कारण बटणावर कुणाच्या तरी पालेभाजीचं पाणी सांडलं होतं आणि मी बोट कोटाला पुसलं होतं. मग गळ्यात बाळ अडकवलेल्या एका तरुणानं विचारलं, काकडी तोलायची असते की नगावर? मी म्हटलं, नगावर. पुढं काय? पुढं मी थेट गल्ल्याशी. मधे मी पुन्हा काट्याशी वळलो, पिशवी ठेवली, आकडा दाबला, दुसरी चिठ्ठी पहिलीच्या शेजारी लावली, म्हणजे पहिली डोळ्यांसमोर असणारच, आणि यातलं काहीएक माझ्यापाशी नाही. विसरलो म्हणतात ते हे नव्हे. विसरलेलं कुठंतरी खुपत असतं. हे खुपतही नव्हतं. ती पोरगी हसली नसती तर मी कोर्टात शपथेवर सांगितलं असतं की कांदे एकदाच तोलले.

बाहेर आमच्या विंटरथूर गावाची नेहमीची करडी दुपार होती. टोसला, माझ्या घराकडं जाणाऱ्या बसची वाट बघत मी बाकावर बसलो, पिशवी मांडीवर, आणि तिथं मला रविवार आठवला. मी पिशवीच घट्ट धरली. रविवारी मी काडतुसं भरली होती. हा माझा गेल्या कित्येक वर्षांचा रविवार. माझी बायको ट्रूडी होती तेव्हा ती चर्चला जायची आणि मी स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत टेबलाशी बसायचो. ट्रूडी गेली, टेबल तिथंच आहे. आमच्या नेमबाजी मंडळात जुन्या लष्करी बंदुका चालवणारे आता थोडेच उरलेत, आणि त्यातही एकोणनव्वदची बंदूक, म्हणजे अठराशे एकोणनव्वदच्या नमुन्याची, फक्त माझ्याकडं आणि माझा दोस्त गोप्फकडं. दोघांची काडतुसं मीच भरतो. बाजारात मिळणारं आजचं लष्करी काडतूस या बंदुकीत सुखानं बसतं, आणि तोच घात आहे. तिचा खटका, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा, मागच्या बाजूनं अडकतो, त्याला तो दाब सोसत नाही. तिला हलकी दारू लागते. हलकी म्हणजे पुंगळीच्या, काडतुसाच्या पितळी नळीच्या, तळाशी चिमूटभर, वर सगळी पोकळी. एकदा ओतली तरी तेवढंच दिसतं आणि चुकून दोनदा ओतली तरी काही सांडत नाही. गोळी वर निमूट बसते. बाहेरून ओळखायला मार्ग नाही. तोलावं तर पुंगळ्या निरनिराळ्या सालच्या, कुणी जाड कुणी पातळ, गोळ्या घरी ओतलेल्या. त्यांचा आपापसातला फरकच त्या चिमटीहून मोठा. आणि बंदूक उडवणाऱ्याचा गाल लाकडाला टेकलेला असतो. उजवा डोळा खटक्याच्या मागं वीतभरसुद्धा नाही.

बस आली. मी चढलो, बसलो, आणि रविवार पुन्हा पहिल्यापासून लावून बघितला. माझी पद्धत साधी आहे. ठोकळ्याला भोकं आहेत, त्यात रिकाम्या पुंगळ्या पालथ्या उभ्या. एक उचलायची, उताणी करायची, नरसाळ्याखाली धरायची, तोललेली दारू ओतायची, आणि लगेच दुसऱ्या ठोकळ्यात उताणीच ठेवायची. पालथी म्हणजे रिकामी, उताणी म्हणजे भरलेली. तिसरी गोष्टच नाही. टेबलावर एका वेळी एकच दारूचा डबा. रेडिओ बंद. सगळ्या भरून झाल्या की बॅटरी घेऊन एकेकीच्या तोंडात उजेड पाडायचा आणि बघायचं की सगळीकडं दारू एकाच खोलीवर आहे. मगच गोळ्या बसवायच्या. आणि काहीही झालं, शिंक आली, माशी बसली, मन जरा इकडंतिकडं गेलं, तर सगळं फोडायचं आणि पुन्हा सुरुवात. मंडळात नव्या माणसाला मी हे एकच वाक्य शिकवत आलो, शंका आली की फोडायचं. बाकीचे मला संशयात्मा म्हणतात. गोप्फ तर भर सभेत म्हणाला होता, "याच्या लग्नात पाद्र्यानं विचारलं, ही बायको तुला मान्य आहे का, तर हा म्हणाला, एकदा तपासून सांगतो." ट्रूडी त्यावर सगळ्यांत जास्त हसली होती. मला या नावाचा राग कधीच आला नाही. पस्तीस वर्षं मागाच्या कारखान्यात मी सुटे भाग मापायचं काम केलं, माझा शिक्का बसल्याशिवाय एक दांडी बाहेर गेली नाही. संशय हेच माझं पोट भरायचं साधन होतं.

रविवारी फोन वाजला. एवढं नक्की. रेगुलाचा होता, माझ्या मुलीचा. फोन मी कामाच्या वेळी बंद ठेवतो, त्या दिवशी का ठेवला नव्हता कोण जाणे. ती म्हणाली, "बाबा, त्या वृद्धांच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर जागा रिकामी होतेय. खाली जेवणघर, नर्स, सगळं. एकदा बघून तरी ये ना." मी म्हटलं, "माझं टेबल मावेल का?" ती म्हणाली, "कुठलं टेबल?" कुठलं टेबल ते तिला चांगलं माहीत होतं. त्या इमारतीत बंदुका ठेवू देत नाहीत. "बाबा, तू किती दिवस ते करणार आहेस?" असं ती म्हणाली. मी काय म्हणालो ते आठवत नाही, पण आवाज चढला होता. मग मी परत टेबलाशी आलो. आणि इथं चित्र थांबतं. टेबलावर एक पुंगळी उताणी, नरसाळं तिच्या तोंडावर. काट्याच्या पात्रात तोललेली दारू. म्हणजे काय? एक तर पुंगळी उताणी करून मी दारू ओतणार तोच फोन आला. किंवा ओतली, पुंगळी ठोकळ्यात ठेवायच्या आधी सवयीनं पुढची दारू तोलली, आणि मग फोन आला. दोन्हींत टेबल सारखंच दिसतं. मी आत डोकावलो असणार. कुठलाही मूर्ख डोकावला असता. पण डोकावल्याचं मला आठवत नाही. मला फक्त पात्र उचललेलं आठवतं, आणि रेगुलाचं ते "कुठलं टेबल".

बस तीन थांबे पुढं गेल्यावर मला कळलं की मी उतरायचं विसरलो. उतरून चालत मागं आलो. स्वतःला म्हणत होतो, अरे, शेवटी बॅटरी मारून बघतोसच ना. फोनच्या वेळी काय झालं ते झालं, बॅटरीत दिसलंच असतं. आणि बॅटरी हातात धरलेली मला स्वच्छ आठवत होती. डाव्या हातात बॅटरी, मान वाकडी, पुंगळ्यांच्या गोल तोंडांत तळाशी करडी दारू. पण हा कुठला रविवार? खिडकीतून ऊन येत होतं. गेल्या रविवारी ऊन होतं का? ट्रूडीच्या चपलांचा आवाज येत होता की काय असंही वाटलं, म्हणजे मग हे चित्र किती जुनं? माणूस एखादं काम बिनचूक करायला शिकला की त्याची आठवण वेगळी उरत नाही, सगळे रविवार एकमेकांवर बसून एकच रविवार होतो. मला आयुष्यभर वाटलं की सवय म्हणजे आपला पहारेकरी. तो पहारेकरी इतक्या शांतपणे येऊन जातो की आला होता की नाही हे विचारायला माणूस नाही. घरात शिरल्यावर कोटही न काढता मी मागच्या खोलीत गेलो. बॅटरी आपल्या खुंटीवर नव्हती.

बॅटरी न्हाणीघरात होती. बेसिनच्या खाली, पाइपाच्या मागं. बेसिन तुंबलं होतं, मी वाकून बघितलं होतं, बॅटरी तिथंच राहिली. बेसिन कधी तुंबलं? शनिवारी की सोमवारी? सोमवारी असेल तर रविवारी बॅटरी खुंटीवर होती आणि सगळं ठीक. शनिवारी असेल तर रविवारी मी बॅटरी मारलीच नाही. मी न्हाणीघराच्या फरशीवर बसलो, पाठ टबाला टेकून, म्हातारा माणूस कोट घालून, आणि बेसिन कधी तुंबलं याचा विचार करत राहिलो. पाइपातून निघालेले केस आठवले, त्यांचा वास आठवला, पण वार काही त्या केसांना चिकटलेला नव्हता. मग टेबलाशी जाऊन दारूचा डबा तोलला. डबा सुरुवातीला किती होता हे माहीत नसताना तो तोलून काय उपयोग, हेही मला कळत होतं, तरी तोलला. कप्पाळ माझं. रविवारची भरलेली पेटी घरात असती तर मी त्याच क्षणी फोडायला बसलो असतो. पण पेटी गोप्फकडं होती. तो नेमबाजीच्या मैदानाजवळच्या गावात राहतो, म्हणून काडतुसं नेहमी त्याच्याकडं जातात. सोमवारी मीच बसनं नेऊन दिली होती. आणि येत्या शनिवारी मंडळाची जुन्या बंदुकांची नेमबाजी होती.

मग लगेच फोन का केला नाही, असं कुणीही विचारील. केला. पण आधी मिगच्या खुर्चीचा विचार केला, ते खोटं कशाला बोलू. मिग आमच्यातला सगळ्यांत जुना नेमबाज. दोन वर्षांपूर्वी त्यानं भरलेलं एक काडतूस नुसतंच फुसकन वाजलं, गोळी नळीत अडकली, पुढचं उडवायच्या आधी कुणाच्या तरी लक्षात आलं म्हणून निभावलं. मंडळानं त्याला भरायचं बंद करायला सांगितलं. त्यानं मान हलवली. अजूनही तो येतो, पण बसतो कोटांच्या खुंट्यांखालच्या खुर्चीत, दाराशी. त्याच्याशी सगळे मोठ्यानं आणि सावकाश बोलतात. "मिग! कॉफी! हवी का!" त्याला ऐकू नीट येतं. जासचा डाव लावला की पत्ते पिसायला त्याच्याकडं देतात, खेळायला नाही. त्या खुर्चीत बसायचं म्हणजे जिवंतपणी आपल्याच कोटासारखं खुंटीला टांगून घ्यायचं. आणि मंडळात कळलं की रेगुलाला कळणार, आणि रेगुलाला कळलं की डॉक्टर, डोकं शाबूत आहे का ते बघायची चाचणी, कागदावर घड्याळ काढा, काटे अकरा वाजून दहा मिनिटांवर दाखवा. मी घड्याळ उत्तम काढीन. पण काढायला बसावं लागणं हेच नको.

गोप्फनं फोन उचलला तेव्हा मागं ठक, ठक असा आवाज येत होता.

"बोल रे संशयात्म्या," तो ओरडला. गोप्फला, म्हणजे गॉटफ्रीडला, कमी ऐकू येतं, म्हणून तो जगाला बहिरं समजतो.

"काय करतोयस?"

"श्निट्झेलचं मांस कुटतोय. दुसरं काय करणार." ठक. "तू काय करतोयस?"

"कांदे आणले."

"अरे वा! मोठीच बातमी. पेपरात देऊ का?"

मी म्हटलं, "शनिवारची तयारी झाली ना?"

"झाली की. तुझी पेटी आहे, माझी बंदूक आहे, हवा चांगली आहे. दारू तेवढी नीट भरलीस ना?"

माझ्या ओठांवर आलं होतं. दोनदा भरली असेल रे एखादीत. एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? गंमत केली. दोनदा भरली असलीस तरी मला चालेल, फक्त ग्लासात भर!" आणि तो स्वतःच्या विनोदावर इतका हसला की खोकला आला. मी फोन ठेवला. अंगातला कोट अजून अंगातच होता.

गोप्फ खाटीक होता. आता दुकान नाही, पण हात तेच आहेत, जाडजूड, लाल, बोटं सॉसेजसारखी. काडतुसं भरायला मला शिकव म्हणून तो एकदा माझ्या मागं लागला होता. मी शिकवलंही थोडंफार, त्या टेबलाशी बसवून, पण पुंगळीच्या बुडात बसणारी, ठिणगी देणारी इवलीशी टोपी चिमटीत धरताना त्याची ती धडपड बघून म्हटलं, "गोप्फ, तू आपला कुटत बस. हे नाजूक काम आहे." तो म्हणाला, "बरं बाबा." त्याला राग येत नाही, आला तरी तो लगेच खाऊन टाकतो. त्याला मी कधीही फोन केला तर पाठीमागं ठक ठक चालू. बायको गेल्यापासून एकटा माणूस एवढं मांस कसं खातो याचं मला नवल वाटायचं, थोडा हेवाही. माझी भूक ट्रूडीबरोबर गेली.

शुक्रवारी दुपारी मी निघालो तेव्हा खोटं तयार होतं. टोप्यांची ही खेप खराब निघाली असं सांगायचं. दुकानदारानं कळवलं, म्हणायचं. पेटी परत दे, उद्या आपण साध्या बंदुकीनं नेम धरू. यात कुणाचं काही जात नव्हतं. गोप्फचा डोळा वाचत होता, माझी खुर्ची वाचत होती. बसमध्ये मी ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून बघितलं, इतकं की टोप्यांची खेप मला खरंच खराब वाटू लागली आणि त्या दुकानदाराचा थोडा रागही आला. बसच्या काचेत माझं तोंड दिसत होतं आणि त्यातून शेतं जात होती, गाई, एक निळा ट्रॅक्टर. मला सारखा गोप्फचा उजवा डोळा दिसत होता. लहानसा, पाणावलेला, डुकराच्या डोळ्यासारखा, हे तो स्वतःच म्हणतो. खटका उलटा फिरून त्या डोळ्यात. आणि मग दवाखाना, मग पोलीस, काडतूस कुणी भरलं? आणि त्याच वेळी, हे सांगायला लाज वाटते, दुसरा विचार चालू होता की टोप्यांच्या खेपेचा आकडा विचारला तर काय सांगू. दोन्ही विचार एकाच डोक्यात, एकाच बाकावर बसून चालले होते. उतरून सरळ खरं सांगावं असंही दोनदा ठरवलं, आणि दोनदा मिगच्या खुर्चीवर येऊन थांबलो. या बसमधून मी कुठंही उतरलो तरी उतरणार होतो त्याच एका ठिकाणी.

गोप्फचं दार कधी बंद नसतं. बोळातच आवाज ऐकू आला. ठक. मग थोडा वेळ काही नाही. मग ठक, ठक. मी हाक मारली, त्याला ऐकू गेली नाही. मी स्वयंपाकघराच्या दारात गेलो. गोप्फ पाठमोरा बसला होता, चष्मा कपाळावर, दुसरा चष्मा डोळ्यांवर. समोर फळीवर मांस नव्हतं. हातात प्लॅस्टिकची पोकळ हातोडी होती, गोळ्या काढायची, तसली माझ्याकडंही आहे. तिच्या तोंडात काडतूस अडकवायचं, लाकडावर ठोकायचं, गोळी सुटून खाली पडते, दारू वेगळी होते. त्यानं ठोकलं, हातोडी उघडली, गोळी एका वाटीत, दारू काट्याच्या पात्रात. काट्याचा काटा हलून थांबेपर्यंत तो वाकून बघत राहिला, ओठ हलत होते. मग दारू बशीत, रिकामी पुंगळी ठोकळ्यात. पालथी.

मी म्हटलं, "टोप्यांची खेप खराब निघाली." ते वाक्य आपोआप बाहेर आलं. इतकं घोटलं होतं ना.

गोप्फ दचकून वळला. त्याच्या तोंडावर चोरी पकडलेल्या माणसाचा भाव होता, आणि तो गेला आणि दुसरा, समजून घेतल्यासारखा भाव आला, तो मला त्याहूनही कमी आवडला. तो सावकाश म्हणाला, "हो का? बरं झालं सांगितलंस."

"दुकानदारानं कळवलं."

"बरं केलं त्यानं." त्यानं हातोडी फळीवर आडवी ठेवली. "म्हणूनच मी जरा फोडून बघत होतो. बस ना. कॉफी करतो."

आम्ही दोघंही तिथंच थांबलो असतो तर सगळं भागलं असतं. मी माझं खोटं घेऊन घरी गेलो असतो आणि तो त्याचं घेऊन इथं राहिला असता. पण खिडकीच्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी, नेलपॉलिशची बाटली होती. लाल. मी काडतूस भरून झालं की गोळी बसते तिथं पुंगळीच्या तोंडाशी लाल रेघ ओढतो, दमट हवा आत जाऊ नये म्हणून. ट्रूडीची बाटली आहे ती, कपाटात राहिलेली. मैदानावरून पुंगळ्या परत आल्या की पुसताना त्या रेघेचा उरलेला रंग जरा गडद वाटायचा, गेली दोनेक वर्षं, आणि मी समजत होतो की जुनी बाटली आहे, रंग बदलत चाललाय. कधीकधी वाईटही वाटायचं की ट्रूडीचा तोही रंग राहिला नाही. या घरात बाई नाही. मी बाटली उचलली. गडदच होती.

"तो रंग काही जुळेना," गोप्फ म्हणाला. पहिल्यांदाच तो हळू बोलला. "दुकानातल्या पोरीला तुझी पुंगळी दाखवली. ती म्हणाली, आजोबा, हा रंग बंद झाला, हा घ्या. वर विचारते, आजींना आवडेल ना? तिला वाटलं मी या वयात कुणाला तरी पटवतोय."

"किती दिवस?" मी विचारलं.

"मिगचं झालं ना, त्यानंतर थोड्याच दिवसांनी."

"सगळी?"

"सगळी. फोडतो, तोलतो, परत भरतो. तू शिकवलंस तसंच. बोटं जाड आहेत म्हणून वेळ लागतो."

"का?" हे मी विचारलं, जसं काही मला माहीतच नव्हतं.

गोप्फनं काट्यामागचा एक छोटा काचेचा डबा पुढं सरकवला. मसाल्याचा असावा. तळाशी करडी दारू. "मिगचं झालं त्या वसंतातली. त्या दिवशी मला नुसतीच झोप येत नव्हती म्हणून सहज एक फोडली. तिसऱ्यात की चौथ्यात ही निघाली. दुप्पट. मी तीनदा तोलली." तो थांबला. "नंतर एकदा आणखी. गेल्या शरदात."

मी तो वसंत आठवून बघितला. आठवला, कारण त्या रविवारी सगळं फार छान जमलं होतं. ऊन होतं, खिडकी उघडी होती, फोन नाही, शिंक नाही, हात एकदाही अडखळला नाही. उठताना मला वाटलं होतं की इतकं स्वच्छ काम बऱ्याच दिवसांत झालं नाही. त्या रात्री मी गाढ झोपलो. आणि त्या पेटीत गोप्फचा डोळा फुटायचा बाकी होता.

"आणि ही?" मी फळीवरच्या पेटीकडं बोट केलं. "रविवारची?"

"अर्धी झाली. अजून काही नाही."

मी कोट काढला आणि त्याच्या शेजारी बसलो. उरलेली आम्ही दोघांनी फोडली. तो ठोकायचा, मी तोलायचो. प्रत्येक वेळी काटा हलायचा आणि त्याच खुणेवर येऊन थांबायचा. एकही दुप्पट नव्हती, एकही कमी नव्हती. नरसाळ्याखालची ती फोनच्या वेळची पुंगळी यांतलीच कुठलीतरी, तीही बिनचूक. शेवटची झाल्यावर गोप्फनं पाठीवर थाप मारली. "बघ! उगाच घाबरलास." मला हायसं वाटायला हवं होतं. दोन दिवस ज्या भीतीनं मला अन्न गोड लागलं नाही ती भीती खोटी निघाली, आणि ज्या दोन वेळी घाबरायला हवं होतं तेव्हा मी खिडकी उघडून ऊन खात बसलो होतो. शंका आली की फोडायचं, हे मी अर्ध्या गावाला शिकवलं. शंका आलीच नाही तर काय करायचं, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला सांगितलं नाही.

"मंडळात कोणाकोणाला माहीत आहे?"

"मी कुणाला कशाला सांगू? मी काय दवंडीवाला आहे?" तो पुन्हा ओरडायला लागला होता, म्हणजे त्याला बरं वाटत होतं.

"मग मला का नाही सांगितलंस?"

यावर गोप्फ उठला आणि कॉफीचं भांडं धुवायला लागला, स्वच्छ असलेलं. पाठमोराच म्हणाला, "तुला सांगितलं असतं तर तू बंद केलं असतंस. आणि मग रविवारी काय केलं असतंस रे नोल्डी?" माझं नाव त्याच्या तोंडून मी किती दिवसांनी ऐकलं, नेहमी आपलं संशयात्मा. "तू रविवारी भरतोस, मी आठवडाभर थोडी थोडी फोडतो. मलाही तेवढंच. दुकान गेल्यापासून हाताला काही काम आहे का? श्निट्झेल मला आता पचतही नाही." त्यानं नळ बंद केला. "भरशील ना?"

मी कोट चढवला. बसची वेळ झाली होती, ती एक सबब होती.

शनिवारी नेमबाजी झाली. गोप्फनं शुक्रवारी संध्याकाळी बसून पुन्हा भरलेली काडतुसं आम्ही दोघांनी उडवली. माझा गाल लाकडाला टेकला आणि दोन वर्षांत पहिल्यांदा मला माहीत होतं की आत जे आहे ते माझं नाही. बंदूक मऊ बसली खांद्यात, चांगली भरली होती. नेमही बरे लागले. मंडळाचा प्रमुख येऊन म्हणाला, "नोल्डी, नेहमीप्रमाणे झकास दारू!" तो जरा मोठ्यानं आणि सावकाश बोलला असं मला वाटलं. कानांत बोळे होते, त्यामुळंही असेल. मिग दाराशी त्याच्या खुर्चीत बसला होता. मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो, थोडा वेळ. त्यानं कोटांखाली आपली खुर्ची जरा सरकवली आणि मला जागा केली. निघताना गोप्फनं रिकाम्या पुंगळ्यांची पिशवी माझ्या हातात दिली. मी घेतली.

आज रविवार. फोन बंद करून दुसऱ्या खोलीत ठेवला. बॅटरी खुंटीवर आहे, दोनदा बघितलं. बाहेर ऊन आहे, खिडकी उघडी आहे. पुंगळ्या पुसल्या, टोप्या बसवल्या, ठोकळ्यात पालथ्या मांडल्या. मग एकेक उचलून उताणी केली, ओतली, ठेवली. बॅटरीच्या उजेडात सगळ्यांत डोकावलो. गोळ्या बसवल्या, ट्रूडीच्या बाटलीतली लाल रेघ ओढली. हात कुठं अडखळला नाही. फार दिवसांनी इतकं सुरेख काम झालं. एकदासुद्धा शंका आली नाही.